गुलाबी रंग कुठून येतो

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला फिरलं की फ्लेमिंगो जागोजागी भेटतात. चौकात, उद्यानाच्या दाराशी, उड्डाणपुलाखालच्या भिंतींवर. काही फायबरचे, काही भंगारातल्या लोखंडाचे, माणसाहून कितीतरी उंच, मान वाकवलेले, एक पाय पोटाशी घेतलेले. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेऊ लागलं त्याला काही वर्षं झाली. मी याच शहरात राहतो. संध्याकाळी अशा एखाद्या चौकातून जाताना कुणी ना कुणी लेकराला खांद्यावर घेऊन फोटो काढत उभं असतं. मला ते दृश्य आवडतं. पुढे जे लिहिणार आहे ते त्या खांद्यावरच्या लेकराच्या बाजूने लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

उन्हाने या उभ्या पक्ष्यांचा रंग उडतो. दोन-तीन उन्हाळे गेले की गुलाबी पांढुरका पडतो. मग रंगारी शिडी लावतात आणि पुन्हा गडद गुलाबी चढतो. रंग खऱ्या पक्ष्याचाही उडतो. फ्लेमिंगोला आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात. रोहिताचं पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. गुलाबी रंग त्याला अन्नातून मिळतो. उथळ खाऱ्या पाण्यातलं शेवाळ, डोळ्यांना न दिसणारे डायाटम, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, यांच्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि तो रंग हळूहळू पिसांत उतरतो. पिंजऱ्यातल्या रोहिताला तसं खाणं मिळालं नाही की तो फिका पडत जातो. ठाण्याच्या खाडीवर डोळ्यांचं पारणं फेडणारा जो गुलाबी पट्टा दिसतो, ती सगळी चिखलाची कमाई आहे.

म्हणून मला वाटतं की गुलाबी रंगाचा पक्षी शहराच्या मधोमध उभा करणं हे चिखलाबद्दल काहीतरी बोलणं आहे. आणि आपण त्या चिखलाबद्दल एक शब्दही न बोलता पक्षी उभा करतो आहोत.

ठाण्याच्या खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. साधारण नोव्हेंबरपासून रोहित येऊ लागतात, पावसाच्या तोंडावर जातात, आणि चांगल्या वर्षी त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, तेव्हा इथून गुजरातपर्यंतचे त्यांचे प्रवास नकाशावर उमटले. पण माझ्या मुद्द्यासाठी त्यांचा रोजचा छोटा प्रवास जास्त महत्त्वाचा आहे. ओहोटीला खाडीचे चिखलपट्टे उघडे पडतात, तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरती आली की पट्टे पाण्याखाली जातात आणि हजारो पक्ष्यांना पाय टेकायला दुसरी उथळ जागा लागते. त्या वेळी ते थव्याथव्याने नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. लोक ज्याला डीपीएस तलाव म्हणतात तो सुमारे ३० एकरांचा तलाव, एनआरआय वसाहतीमागचं पाणी, चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ. या जागा अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. पक्ष्यांना मात्र खाडी आणि तलाव ही एकाच घराची दोन दालनं आहेत. एकात जेवायचं, दुसऱ्यात थांबायचं.

यातलं दुसरं दालन सतत टांगणीला लागलेलं आहे. नेरूळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि इमारती उभारण्याचा बेत होता. नागरिक न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेत रद्द ठरवला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्यामुळे पाणी आटलं, शेवाळ माजलं, पक्षी यायचे कमी झाले. २०२४ च्या सुरुवातीला नेरूळच्या जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकावर आदळून रोहित मेले. तो फलक नंतर काढला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेत तिसाहून अधिक रोहित मेले. तलावाच्या काठावर माणसांनी हात धरून साखळ्या केल्या, पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मान्यता दिली. या लोकांचा मी ऋणी आहे. त्यांच्यातल्या अनेकांना मी नावानेही ओळखत नाही.

या सगळ्या काळात चौकातले पक्षी वाढतच होते. एकीकडे तलावात पाणी येईना आणि दुसरीकडे कारंज्याच्या मधोमध, दिव्यांच्या झोतात फ्लेमिंगो उभा राही. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या फायली, दोन वेगळी अंदाजपत्रकं. पण शहरात वाढणाऱ्या मुलाला दोन्ही एकाच नजरेत दिसतं. त्याला चौकातला पक्षी रोज भेटतो, तलावातला वर्षातून एकदा, तोही कुणी नेलं तर. कोणता फ्लेमिंगो त्याला अधिक खरा वाटेल?

माझं म्हणणं असं की सार्वजनिक जागेत, सार्वजनिक पैशाने, एखाद्या जिवंत प्राण्याचं, झाडाचं किंवा नदीचं भव्य शिल्प उभं करणं हा शब्द देण्याचा प्रकार आहे. शहर म्हणतं, हा आमचा. असं म्हटलं की त्या जिवाच्या जगण्याचा भार थोडा तरी आपल्या अंगावर येतो. तो घ्यायचा नसेल तर शिल्प उभारू नये, कमळं-पानं-वेलबुट्टी काढावी, अमूर्त आकार करावा, रिकामी जागा ठेवून झाडं लावावीत. पण ज्याची जागा आपण घेतो आहोत त्याचीच प्रतिमा त्या जागेवर ठेवू नये.

यावर मला मिळालेली उत्तरं मी मनापासून ऐकली आहेत. महानगरपालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, “अहो, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना फ्लेमिंगो हा शब्द त्या चौकामुळे कळला. तलाव वाचवायच्या साखळीत ती मुलं आली ती हाच पक्षी ओळखीचा होता म्हणून.” हे खरं आहे. प्रतिमा ओळख देते, ओळखीतून जिव्हाळा येतो, जिव्हाळ्यातून माणसं रस्त्यावर उतरतात. ही साखळी मी नाकारत नाही. पण त्या ताईंच्या वर्गात चौकापासून तलावापर्यंत नेणारं एक माणूस होतं, त्या स्वतः. चौकातल्या शिल्पात तशी वाट दाखवणारं काहीच नाही. पक्षी कुठून येतो, भरतीला कुठे थांबतो, काय खातो, याची खूण नाही. तलावाच्या दिशेला बघणारी मानसुद्धा नाही. ओळख पुढे जायला पायरी लागते आणि ती शिल्पाच्या रचनेतच घडवता येते. आपण ती घडवत नाही, कारण आपण शिल्पाकडे शिल्प म्हणून बघतच नाही.

हा मुद्दा थोडा उलगडायला हवा. आपल्याकडे चौकातलं शिल्प बहुधा ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली येतं. त्याच निविदेत पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, कुंड्या, रेलिंग आणि कारंजं असतं. कंत्राटदार एक, दर कमीत कमी. कंत्राटदार मग एखाद्या कारखान्याकडे जातो आणि ‘फ्लेमिंगो, १२ फूट, ४ नग’ अशी मागणी देतो. माझा एक मित्र अशा कामांवर घर चालवतो. कला महाविद्यालयात शिकलेला, हात अतिशय चांगला. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर शाडू किंवा थर्माकोलचं कोरीव काम, मग साचा, साच्यात फायबरची मॅट आणि रेझिनचे थर, बाहेर काढून घासकाम, पुट्टी, रंग. सगळं तो मन लावून करतो. एकदा त्याने मला सांगितलं की फ्लेमिंगोच्या पायांपाशी त्याचं नेहमी अडतं. खरे पाय काडीसारखे. तेवढे बारीक ठेवले तर वाऱ्यात सगळा भार कसा पेलणार? म्हणून पाय जाड होतात, आणि पाय जाड झाले की पक्षी जड होतो, उडू न शकणारा होतो. यावर विचार करायला, वेगळी कल्पना सुचायला, दोन-तीन नमुने करून बघायला वेळ हवा असतो. त्याला मिळाले होते वीस दिवस आणि मोबाइलवर आलेला एक फोटो. “मला खाडीवर कोणी नेलं असतं ना, तर मी चिखल केला असता, पक्षी नाही,” तो म्हणाला. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. शिल्पावर त्याचं नाव कुठेही नाही. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर बरीच नावं आहेत.

एखाद्या थोर व्यक्तीचा पुतळा उभारायचा तर आपल्या राज्यात मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. तिथेही चुका होतात, पण निदान चेहरा बरोबर आहे का असा प्रश्न कुणीतरी विचारायचा असतो. पक्षी, हरीण, मासा, झाड यांच्या शिल्पापुढे असा प्रश्न विचारल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. निसर्गाचा चेहरा चुकला तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत, अशी आपली समजूत असावी.

आपल्याला हे जमणार नाही, ही परदेशातली थेरं आहेत, असं कुणी म्हटलं की मला कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आठवतो. निसर्गातून सुचलेलं, मोठ्या आकाराचं, उघड्या जागेतलं, सगळ्यांचं असं शिल्प या भूमीवर हजारो वर्षांपासून आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात हत्ती कोरलेला आहे. लांबी सुमारे १८ मीटर. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. चालत जावं लागतं, पाठीवरून पोटाकडे, पोटावरून पायाकडे. आणि चालताना लक्षात येतं की हत्तीच्या अंगात दुसरे जीव आहेत. मासे आहेत, पाकट आहे, पक्षी आहेत, चार पायांची जनावरं आहेत. एका देहाच्या आत एक सबंध वस्ती. ते कोरणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं यावर अभ्यासक बोलतील. पाहणाऱ्याला मात्र एवढं नक्की कळतं की या हातांना हत्ती सुटा दिसत नव्हता.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर अशी शेकडो कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून, त्यातली बहुतेक उजेडात आणली. गावकऱ्यांना अनेक ठिकाणी ती आधीपासून ठाऊक होती. कुठे ती पांडवांनी काढलेली म्हणून, कुठे देवाची म्हणून. आज कोकणात नसलेला गेंडाही त्यांत आहे. म्हणजे प्राणी गेला, आकृती राहिली, आणि आकृतीमुळे आपल्याला कळतं की इथे कधीकाळी वेगळं रान होतं. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं पणसायमोळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळी, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू आणि कुडोपी ही त्यातली आपल्याकडची नावं.

सड्यावर उभं राहून मला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. पहिली, ही शिल्पं जमिनीवर ठेवलेली नाहीत, जमिनीचीच आहेत. खाली पाया नाही, चौथरा नाही. पावसाळ्यात त्यांच्या रेषांत पाणी साठतं, भोवती सीतेची आसवं फुलतात, गवत वर येतं, आणि काही महिने हत्ती दिसेनासा होतो. उन्हाळ्यात तो परत येतो. ऋतूंना विरोध करून टिकायचं हे त्यांना माहीत नाही. ऋतूंबरोबर ती टिकली आहेत. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. सातबाऱ्यावर हा सडा बहुधा पोटखराबा. पडीक जमीन म्हणून तिच्यावर चिऱ्याच्या खाणी निघतात, रस्ते जातात, प्रकल्प येतात. बारसूच्या सड्यावरचा तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. प्रकल्प हवा की नको या वादात मी इथे शिरत नाही. पण या सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या गावांच्या झऱ्या-विहिरींना पोसतं, आणि त्याच जांभ्यावर आपलं सगळ्यात जुनं सार्वजनिक शिल्प आहे. ज्या जमिनीला आपण काहीच किंमत देत नाही तिच्यावरचा हत्ती जगाच्या वारशाच्या दारात उभा आहे. तो हत्ती उचलून रत्नागिरीच्या चौकात ठेवता येणार नाही. त्याला वाचवायचं तर सडाच वाचवावा लागेल. निसर्गावरच्या मोठ्या शिल्पाकडून मला नेमकी हीच अपेक्षा आहे, की त्याला त्याच्या जागेपासून तोडता येऊ नये.

केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या चडयमंगलमच्या डोंगरावर जटायू आहे. २०० फूट लांब, १५० फूट रुंद, ७० फूट उंच, राजीव अंचल यांच्या कल्पनेतून साकारलेला, २०१८ मध्ये लोकांसाठी खुला झालेला. पंख तुटून पडलेला पक्षी, उताणा, नखं आकाशाकडे. शिल्प म्हणून तो खडकाशी नातं राखून आहे आणि त्यामागची कथा आपल्या रक्तात भिनलेली आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला अशी आपल्याकडची श्रद्धा. तिथल्या कुंडावर यात्रेकरू जातात. तर जटायू म्हणजे गिधाड. १९९०च्या दशकापासून पुढच्या दीड दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालं होतं.

ज्या पिढीने जिवंत गिधाड पाहिलेलं नाही ती जगातल्या सर्वांत भव्य पक्षिशिल्पांपैकी एकाच्या पंखावरून चालते आहे. मला यात केरळच्या त्या शिल्पाचा दोष दिसत नाही. पण मला हेही सांगायचं आहे की टाकेदच्याच नाशिक जिल्ह्यात, हरसूलजवळ खोरीपाड्याला, वन खात्याने आणि गावाने मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागा केली. ज्यात घातक औषधाचा अंश नाही अशी जनावरं तिथे टाकली जातात आणि गिधाडं उतरतात. तिथे पाहायला शिल्प नाही, वास आहे. जटायूच्या डोंगरावर तिकीट काढून जाणाऱ्या माणसाच्या पैशातला एखादा रुपया अशा जागांकडे वळला, तर शिल्प आणि पक्षी यांच्यात एक धागा पडेल. धागा नसेल तर शिल्प जितकं मोठं, तितकी खालची सावली मोठी.

असा धागा आपल्या लोकांना नवा नाही. पालघर-ठाण्याकडच्या वारली पाड्यांवर वाघोबा असतो. लाकडाची किंवा दगडाची उभी फळी, तिच्यावर वाघ, वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. ही मूर्ती मोठी नाही, कलाबाजारात तिला भाव नाही. पण तिच्यामागे एक करार आहे. आम्ही तुला मान देऊ, तुझा वाटा ठेवू, तू आमच्या गुरावासरांना सांभाळून घे. वाघ आणि बिबट्या यांच्यासोबत एका रानात राहायचं आहे हे मान्य करून ती मूर्ती उभी केलेली आहे. तिथे प्राण्याची प्रतिमा प्राणी नाहीसा झाल्यावर आलेली नाही, तो रोज रात्री दाराशी येतो म्हणून आली आहे. चौकातला फ्लेमिंगो आणि पाड्यावरचा वाघोबा यांत कलाकुसरीचा फरक सोडून द्या, मला हा कराराचा फरक मोठा वाटतो.

आजच्या शहरात असा करार कसा लिहायचा, याचं सगळ्यात चोख उत्तर मला जर्मनीतल्या कासेल शहरात सापडतं. १९८२ मध्ये योझेफ बॉइस या कलावंताने तिथे ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या डोकुमेंटा या कलाप्रदर्शनासाठी शहराच्या मुख्य मैदानात ७००० दगडांचा ढीग घातला. दगड बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. अट एकच. शहरात एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी उभा रोवायचा. ढीग संपवायचा असेल तर ७००० झाडं लावावी लागतील. लोक चिडले. शहराच्या दर्शनी मैदानात हा काय राडारोडा, असं म्हणाले. पण ढीग हटवण्याची वाट त्यांच्याच हातात होती. एका झाडासाठी ५०० मार्क देणगी, आणि मग जागा शोधा, खड्डा खणा, वाढवा. १९८६ च्या जानेवारीत बॉइस वारले, तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. १९८७ मध्ये, पुढच्या डोकुमेंटाच्या वेळी, शेवटचं झाड त्यांच्या मुलाने लावलं. आज कासेलमध्ये ओकची आणि इतर जातींची ती झाडं उंच झाली आहेत. दगड तेवढेच राहिले, झाडं वाढत गेली, आणि दरवर्षी त्या जोडीतलं प्रमाण बदलत जातं. या शिल्पाचं उद्घाटन एका दिवशी झालं असं म्हणताच येत नाही. पाच वर्षं एक शहर ते घडवत होतं.

यात मला भावतं ते त्याचं कडक गणित. दगड आणि झाड यांची जोडी तुटू द्यायची नाही. आपल्याकडे वृक्षारोपणाचे आकडे लाखांत, कोटींत जाहीर होतात, पण मैदानात ढीग नसतो. कमी पडलेलं झाड कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. बॉइसने न झालेलं काम सगळ्यांना दिसेल असं मधोमध मांडून ठेवलं.

आता एक आक्षेप कलावंतांच्या बाजूने येतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. कलेला असं कामाला जुंपू नका, ते म्हणतात. शिल्पाने पर्यावरणाची पत्रकं वाटायची का? सौंदर्य पुरेसं नाही का? मी म्हणतो, सौंदर्य पुरेसं आहे, जर ते खरोखर असेल तर. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ पाहा. पोलादाच्या १६८ पत्र्यांचं, सांधा न दिसणारं, पाऱ्याच्या थेंबासारखं. ते कुठल्या प्राण्याचं चित्र नाही, कसलाही उपदेश करत नाही. पण शहराचं आकाश त्याने खाली माणसांच्या उंचीवर आणलं. ढग सरकले की शिल्प बदलतं. ते कुणाची जागा भरून काढण्यासाठी उभं नाही, म्हणून त्याच्यावर कसलंही देणं नाही. दालनात ठेवलेल्या चित्राकडेही मी हिशेब मागणार नाही. हिशेब मी मागतो तो शहर नावाच्या मालकाकडे, जो एका हाताने पक्ष्याची ओळख स्वतःच्या कपाळावर लावतो आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पाण्याची वाट बुजू देतो. कलावंताच्या खांद्यावर तर यातलं फार थोडं आहे. माझ्या मित्राला खाडीवर न्यायला हवं होतं, एवढंच.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आणि कागदावर लिहिता येण्यासारख्या आहेत. ज्या फायलीत पक्ष्याच्या, प्राण्याच्या किंवा झाडाच्या शिल्पाचा प्रस्ताव असेल, तिच्यात त्या जिवाची शहरातली खरी जागा नाव घेऊन लिहावी आणि त्या जागेची आजची स्थिती जोडावी. शिल्पाच्या खर्चाइतकीच रक्कम त्या जागेच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावी, दरवर्षी, शिल्प उभं असेपर्यंत. काम सुशोभीकरणाच्या निविदेतून बाहेर काढून खुल्या स्पर्धेतून द्यावं, कलावंताला किमान एक हंगाम द्यावा आणि शिल्पावर त्याचं नाव कोरावं. शिल्पासाठी झाड तोडायचं नाही. दिव्यांचा झोत आकाशात जाणार नाही, कारण रात्री उडणाऱ्या पक्ष्यांना तो चकवतो. आणि नेरूळसारख्या ठिकाणी, जिथे खरा जीव चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे शिल्प चौकात नको. ते वाटेवर हवं. कमी उंचीचं, जांभ्याचं किंवा काळ्या दगडाचं, भरतीच्या पाण्याची पातळी ज्याच्यावर वाचता येईल असं, काठापासून लांब, पक्ष्यांना दचकवणार नाही इतकं शांत. माझ्या मित्राने म्हटलं तसं, चिखलाचं शिल्प. ओहोटी-भरतीप्रमाणे उघडं पडणारं आणि झाकलं जाणारं.

हे महाग पडेल, असं कुणी म्हणेल. दर दोन-तीन वर्षांनी होणारी रंगरंगोटी, तुटलेल्या चोची, जळालेले दिवे, बंद पडलेली कारंजी यांवर आपण आजही खर्च करतोच. लोक रुसतील, असंही म्हणतील. चौकातला आहे तो पक्षी काढा, असं मी म्हणत नाही. मुलांना तो आवडतो, राहू द्या. फक्त त्याच्या पायथ्याशी एक दगडी पट्टी बसवा आणि तिच्यावर रोज बदलणाऱ्या दोन ओळी असू द्या. आज भरती किती वाजता, आणि तलावात पाणी किती. ज्या दिवशी दुसऱ्या ओळीतला आकडा शून्याकडे जाईल त्या दिवशी सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाला तो दिसेल.

गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या एका मुलाला घेऊन मी भरतीच्या वेळी तलावावर गेलो. आम्ही बंधाऱ्यावर बसून राहिलो. पावणेपाचच्या सुमारास खाडीकडून पहिली रांग आली, मग दुसरी, आणि उतरताना त्यांनी पंख उघडले तेव्हा आतला लाल आणि काळा रंग एकदम दिसला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “काका, चौकातल्याचे पंख का बंद आहेत?” आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे होतो. परतताना त्याला मी पाण्याची वाट दाखवली, बंधाऱ्याखालून भरती आत येते ती जागा. ती अर्धी गाळाने भरली होती.